देवाचे सहा, साहेबाचे सहा

अंताजीपंतांना किती वाजले हे विचारू नये. मी विचारलं. कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून लागलो त्याच दिवशी विचारलं, कारण पोटात कावळे ओरडत होते. पंतांनी टाक खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "कुणाचे विचारतोस? देवाचे की साहेबाचे?"

मला वाटलं, म्हातारा वेडा आहे. पुढे कळलं की वेडा आहेच, पण बोलतो ते खरं आहे. रेल्वेचं घड्याळ तेव्हा मद्रासच्या वेळेने चाले. मद्रासला सूर्य आपल्या आधी उगवतो, म्हणून स्टेशनात सहा वाजले की कल्याण गावात जेमतेम साडेपाच झालेले असत. आमचा धक्का एका कंत्राटदार साहेबाचा, पण घंटा रेल्वेच्या घड्याळाने. बाजार, देऊळ, कोर्ट, सगळं गाव जुन्याच वेळेने. पंत उजव्या खिशात साहेबाची वेळ बाळगत आणि डाव्या खिशात देवाची. जेवायला मात्र जी आधी होईल तिने बसत.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे कायदा. वकिलीच्या परीक्षेने त्यांना दोनदा परत पाठवलं होतं, पण त्यांनी कायद्याला सोडलं नाही. धक्क्यावर कुणी शिंकलं तरी कलम सांगत. एकदा एका हमालाच्या पायावर पेटी पडली. रक्त वाहतंय, आणि पंत वाकून विचारताहेत, "घंटेआधी पडली की घंटेनंतर?" तो बिचारा कळवळून म्हणाला, "पंत, आधी चिंधी द्या हो!"

बरं, पक्षपात नाही. साहेबाला कुणाला काढायचं असलं की तोही पंतांनाच बोलावी. पंत त्याला इमानाने कायदा सांगत, आणि संध्याकाळी ज्याला काढायचं त्यालाही तितक्याच इमानाने सांगत. दोघांनाही शेवटी एकच वाक्य ऐकवीत, "मालकाने करार मोडला तर दिवाणी, चाकराने मोडला तर फौजदारी!" म्हणजे हमालाने मालकावर दावा लावून जन्म काढायचा, आणि हमालाने उचल घेऊन काम टाकलं तर त्याला सरळ तुरुंग. हे सांगताना त्यांचा आवाज असा चढे की साहेबसुद्धा जरा मागे सरके.

अशा माणसाच्या हाती कान्हू लागला, हे त्याचं नशीब. आता चांगलं की वाईट ते तुम्हीच ठरवा.

कान्हू ठाकुर्लीकडच्या पाड्यातला आगरी. अंगाने दणकट, स्वभावाने गाय. उचल घेतली तेव्हा त्याने करारावर अंगठा दिला होता. सकाळी सहाला कामावर हजर व्हायचं, असं त्यात लिहिलेलं. घरात घड्याळ नाही. तो उजाडण्याचा अंदाज घेऊन निघे आणि रोज उशिरा पोचे. रोज शिव्या खाई. एके दिवशी साहेबाने फाटकच लावून घेतलं. कान्हू बाहेर ताटकळून घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या माजिस्ट्रेटकडे फिर्याद: हमाल काम टाकून पळाला.

घरी बायको ठकी, आणि तिला दिवस गेलेले. कान्हू पंतांपुढे येऊन रडला. "पंत, मना तुरुंगात घालतील काय हो?"

पंत त्या दिवशी वीस वर्षांनी तरुण झाले. "करारात सहा लिहिलेत. कुणाचे सहा? सांगा, कुणाचे? ज्या कोर्टात खटला चालायचा त्या कोर्टाचं घड्याळसुद्धा देवाच्या वेळेने चालतं! मग हा उशिरा कसा?" मुद्दा बिनतोड होता. धक्क्यावर बातमी पसरली. हमाल पंतांना वाकून नमस्कार करू लागले. साहेबाच्या विरुद्ध साक्ष द्यायला त्याचाच कारकून उभा राहणार! मी म्हटलं, "पंत, नोकरी जाईल." ते म्हणाले, "जाऊ दे. माझ्यामागे खाणारं कोण आहे?"

मग कान्हूची शिकवणी सुरू झाली. रोज काम सुटल्यावर पंत त्याला समोर उभं करीत. "तू कुठल्या वेळेने चालतोस?"

"देवाच्या येळंनं."

"साहेबाची वेळ ओळखतोस?"

"नाय ओळखीत."

"कुणी कितीही दटावलं तरी?"

"मेलो तरी नाय."

पंत खूष. पोर तयार झालं म्हणाले.

खटल्याच्या आदल्या दिवशी पंत मला घेऊन ठाण्याला गेले. नौपाड्यात त्यांच्या एका स्नेह्याकडे उतरायचं आणि सकाळी एका वकिलाला मुद्दा समजावून द्यायचा, असा बेत. निघताना कान्हूला बजावलं, "उद्या आठच्या गाडीने ये. चुकू नकोस."

सकाळी कोर्टात आम्ही वाट पाहत बसलो. गाडी येऊन गेली. कान्हू नाही. पंत रस्त्यापर्यंत जात, परत येत, पुन्हा जात. फिर्यादीचा पुकारा झाला. कान्हू नाही. साहेबाचा वकील उठून गोड आवाजात म्हणाला, "सरकार, आरोपी नेहमी असाच वागतो. हीच आमची तक्रार आहे." पंत मध्येच बोलायला उभे राहिले तर शिपायाने खाली बसवलं.

कान्हू आला तो दुपारी. रुळांच्या कडेने, पारसिकच्या बोगद्यातून धावत चालत आला होता. अंगभर काजळी, पाय फुटलेले. माजिस्ट्रेटने विचारलं, उशीर का? कान्हूने एकवार पंतांकडे पाहिलं, हात जोडले आणि शिकवल्यासारखं ठणकावून सांगितलं, "सायब, मी देवाच्या येळंनं चालतो. दुसरी येळ मी नाय ओळखीत. देवळात आठ झाले तवा ठेसनात आयलो, तर गाडी गेलेली."

शिरस्तेदाराने इंग्रजीत सांगितलं. माजिस्ट्रेट हसला, वकील हसले, शिपाईसुद्धा हसला. हसू ओसरल्यावर तीन महिने सक्तमजुरी झाली. तो बिनतोड मुद्दा आमच्या वकिलाच्या हातातच राहिला. ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

पंतांकडे बघवेना. जन्मभर साऱ्या जगाला 'कुणाचे' म्हणून टोकणारा माणूस, त्या एका पोराला आठ कुणाचे ते सांगायचं विसरला होता.

साहेबाने त्यांना काढलं असतं तर बरं झालं असतं. त्याने काढलं नाही. उलट पाठीवर थाप मारून म्हणाला, "पंत, तुमचा कायदा लई चांगला!" त्यानंतर पंतांच्या तोंडून मी कलम ऐकलं नाही. हमाल आले तरी मान वर करीत नसत, आणि हळूहळू हमालांनीही यायचं सोडलं. धक्का होता तसाच चालू राहिला. घंटा व्हायची, माणसं धावायची, शिव्या खायची. मला त्या नोकरीची शिसारी आली, पण पोट कुणाला सुटलंय?

एका रविवारी मी ठाण्याला निघालो तर गाडीत पंत दिसले. शेजारी, हात दोन हात अंतर ठेवून, ठकी. पोट पुढे आलेलं, मांडीवर भाकरीचं गाठोडं. ती कधी आगगाडीत बसलेली नव्हती, म्हणून भेटीच्या रविवारी पंतच तिला तुरुंगापर्यंत नेत. ती आत जाई, ते बाहेर उन्हात उभे राहत. कान्हूला तोंड दाखवायचा धीर त्यांना होत नव्हता. आणि आत सोडणार तरी कोण? भेट फक्त नातलगांना.

त्या दिवशी मीही बरोबर गेलो. फाटकाशी ठकी थांबली. पंत नेहमीप्रमाणे बाजूला झाले, तर ती मागे वळून म्हणाली, "तुमी पन चला."

शिपायाने पंतांची पगडी पाहिली. "हे कोण? वकील?"

"नाही," पंत पुटपुटले.

"मग काय नातलग?"

ठकी पदर सावरत शांतपणे म्हणाली, "सासरा हाय माजा."

शिपाई खो खो हसला. "भटजी आगऱ्याचा बाप कधीपासून झाला गं?" त्याने तिला आत घेतलं आणि पंतांच्या तोंडावर फाटक लावलं.

मला वाटलं, पंत आता भडकणार. सोवळ्याओवळ्याचा कडक माणूस! पण ते भिंतीशी मटकन खाली बसले आणि भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागले. मी कुठे पाहावं ते मला कळेना.

त्यांचा एकुलता मुलगा मुंज झाली त्याच वर्षी पटकीने गेला होता. पाठोपाठ बायकोही गेली. ही गोष्ट कल्याणात सगळ्यांना ठाऊक होती, आणि इतक्या वर्षांत त्यांच्यापाशी कुणी काढली नव्हती. मीही नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"ऐकलंस ना रे?" ते म्हणाले. "सासरा म्हणाली."