प्रत्येकी एक उशी

सहावी 'ब'च्या काचपेटीतला मासा आता बरा आहे.

हरवले-सापडले: पाण्याची निळी बाटली. झाकणावर दातांचे ठसे. मालक लाजत असावा.

मुख्याध्यापिकाबाई कधी ओरडत नाहीत. चष्मा काढतात.

घोरायला पदवी लागत नाही.

सभागृहाच्या मागच्या दारातून पाहिलं की व्यासपीठावरचा माणूस अंगठ्याएवढा दिसतो.

"काही नाही."

तर मंडळी, शाळेचं बातमीपत्र काढणं हा माझ्या हातचा मळ! मी पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका लिहितो. 'पंप कोरडा चालवू नये' हे वाक्य तुम्ही कुठे वाचलं असेल, तर ते माझं. ज्यानं एका वॉशरवर पानभर मजकूर पाडलाय, त्याला पालकांसाठीचं चार पानी बातमीपत्र म्हणजे चहाबरोबरचं बिस्किट!

खरं कारण वेगळं आहे. तेही सांगतो.

माझी मुलगी सातवीत आहे. चौथीपर्यंत ती शाळेतून आली की चपला काढायच्या आधी बोलायला लागायची. कुणाचा दात पडला, कुणी कुणाचं खोडरबर खाल्लं, कोणत्या बाई शिंकताना खुर्ची धरतात... मी कानांवर हात ठेवायचो. पाचवीत धार बारीक झाली, मग सहावी लागली आणि नळ बंद झाला.

"आज शाळेत काय झालं गं?"

"काही नाही."

"कुणी काही म्हणालं का?"

"काही नाही."

"शाळा जागेवर आहे ना? की कुणी उचलून नेली?"

"काही नाही."

मी पंपाचा माणूस! पण घरातल्या या विहिरीतून मला थेंब काढता येईना. बायको म्हणाली, "अहो, वय आहे ते. तुम्ही खोदू नका. खोदाल तितकी ती खाली जाईल."

पण ऐकेल तो मी कसला! म्हटलं, पुढच्या दारानं बातमी येत नसेल तर मागच्या दारानं आणू. पालकसभेत मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं की चित्रकलेचे सर बदलून गेले, आता बातमीपत्राचं बघायला कुणीतरी हवं. त्याबरोबर सगळ्या सभागृहाला आपापल्या बुटांच्या नाड्यांमध्ये एकाएकी रस वाटू लागला. माझा हात वर गेला.

*दुरुस्ती: वरच्या मजकुरात 'हात वर गेला' असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात मी उभाच राहिलो होतो. चुकीबद्दल दिलगीर आहोत.*

रात्री जेवताना ही बातमी मी मुलीला दिली. तिचा घास तोंडातच थांबला.

"कुठल्या शाळेचं बातमीपत्र?"

"तुमच्या!"

"का?"

काय सांगू तुम्हाला! लागोपाठ दोन प्रश्न! मला वाटलं, योजना पहिल्याच दिवशी फळाला आली.

"बाबा, एक अट आहे. माझ्याबद्दल एक अक्षर नाही."

"बरं."

"नक्की?"

"तुझ्याबद्दल एक अक्षर निघालं तर नावाचा बाप नाही!"

ती ताट उचलून गेली. बायको माझ्याकडे बघत राहिली. "एवढ्या मोठ्या गोष्टी बोलत जाऊ नका हो," ती म्हणाली. "तुम्हाला छोट्याच झेपतात."

आता ती चूक. ही चूक फक्त माहितीपुस्तिका लिहिणाराच करू शकतो. कारण तिला शिस्त लागते.

आमच्या कचेरीत आधी पान आखतात, मग मजकूर येतो. चौकटीत किती ओळी मावतात हे कळावं म्हणून तोवर आम्ही काहीबाही भरून ठेवतो. पण सवय सूचना लिहायची, त्यामुळे काहीबाहीसुद्धा सूचनेच्याच थाटात निघतं. 'झाकण उघडून आत हाक मारावी.' 'पंपास दुपारी झोपू द्यावे.' आमच्याकडे तपासणीला एक बाई आहेत, त्यांना सगळे चाळणीबाई म्हणतात. त्यांच्या हाताखालून खडा जात नाही. त्या असल्या ओळी नखानं उपटून काढतात आणि वर माझ्याकडे, नालीत उंदीर दिसावा तसं बघतात. म्हणून मी निर्धास्त लिहितो.

बातमीपत्राची पानं झटक्यात भरली. मासा झाला, बाटली झाली, धावण्याच्या शर्यतीत पडलेला आणि तरी दुसरा आलेला मुलगा झाला. तिसऱ्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट उरली. तिथे सातवीच्या विज्ञानप्रकल्पाची बातमी यायची होती. (सातवी! मी तिच्याबद्दल एक अक्षर लिहिणार नव्हतो, पण तिच्या वर्गाबद्दल लिहायला काय हरकत होती?) बातमी येईपर्यंत चौकट भरून ठेवली:

*येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता सर्व पालकांनी सभागृहात जमावे. येताना प्रत्येकी एक उशी आणावी. उशी कोरडी असावी.*

आणि कच्ची प्रत मुख्याध्यापिकाबाईंकडे धाडली. तासाभरात परत आली. वर मोठ्ठी बरोबरची खूण, खाली सही! शाळेत पहिल्यांदाच मला कुणी बरोबरची खूण दिली होती. एरवी माझ्या वाट्याला 'प्रयत्न करावा' असंच यायचं. मी त्या खुणेकडे इतक्या प्रेमानं पाहत राहिलो की मजकुराकडे बघायचं राहूनच गेलं. बाईंनी एकच शब्द वाढवला होता. 'कोरडी'च्या पुढे 'व स्वच्छ'.

छापलं. घरोघर गेलं. सगळ्यांच्या फोनवरही गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी बायको कपाटात डोकं घालून उभी.

"अहो, उद्याला कुठली नेऊ? आपल्या सगळ्यांना डाग आहेत. तुम्ही डोक्याला किती तेल चोपडता!"

"काय कुठली?"

"उशी! असं काय करता? तुम्हीच तर छापलंय!"

पंप कोरडा सुरू झाला होता, आणि बटण मीच दाबलं होतं!

धावत जाऊन फोन लावला. "बाई, ते... तिसऱ्या पानावर... उशीचं..."

"अहो, काय कल्पना काढलीत!" पलीकडून बाई. "शिक्षकखोलीत दुसरा विषय नाही. मला वाटलं पालकांचं ठरलंय, पालकांना वाटतंय शाळेचं ठरलंय. मी सगळ्यांना म्हटलं, धीर धरा, संपादक काही उगाच लिहायचे नाहीत. मला तरी सांगा, नक्की आहे काय?"

आता सांगावं, की बाई, काहीही नाही, तो भरणा होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा, उशीचं काय आहे?"

वळून पाहिलं तर मुलगी. खुर्चीच्या कडेवर बसलेली, पाय वर घेतलेले, चौथीत बसायची तशी.

"सांग ना! सगळ्या मला विचारतायत. आमच्या बाईपण."

सांग ना! वाचकहो, पंपांवर लिहिणाऱ्या माणसाला उभ्या आयुष्यात कुणी 'सांग ना' म्हणत नाही. खरं उत्तर दोनच शब्दांचं होतं, आणि त्या दोन शब्दांची मालकी आमच्या घरात कुणाकडे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मला ते उच्चारवेना.

"उद्या बघशीलच!" मी फोनला आणि तिला एकदमच म्हणालो.

"भारी आहे का?"

"भारी म्हणजे? अगं, बघच तू!"

"मग मी सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. आणि गेली. हसत. पळत!

तिनं खरंच सगळ्यांना सांगितलं. माझा बाबा काहीतरी भारी करणार आहे म्हणून. म्हणजे आता बुडायचं तर मी एकटा बुडणार नव्हतो.

शनिवार. सभागृह. उशाच उशा!

फुलाफुलांच्या उशा, चौकटीच्या उशा, दोघांत मिळून आणलेली एक भलीमोठी उशी. एका आजींनी प्रवासातली मानेची उशी आणली होती, ती गळ्यात घालूनच बसल्या होत्या. औषधांच्या दुकानवाल्यांनी सोफ्याची गिरदी आणली. त्यावरून दारातच वाद.

"ही उशी नव्हे."

"मग काय आहे?"

"हे गादीचं पिल्लू आहे. उशी लिहिलं होतं, आम्ही उशी आणली!"

"आमच्याकडे हिला उशीच म्हणतात!"

प्रत्येकाकडे आतली बातमी होती. कुणी म्हणे पाठीच्या कण्याचा डॉक्टर येणार आहे. कुणी म्हणे रुग्णालयाला दान. एक काका म्हणाले, "फी वाढवणार असतील. आपण बेशुद्ध पडायच्या आधीची तयारी!" पण 'हे कशाला?' असं एकानंही शाळेला विचारलं नव्हतं. कसं विचारणार? आपल्यालाच माहीत नाही असं दिसलं तर! माझ्यासारखेच सगळे. माझ्यावर संकट आलं नसतं तर मीही दोन उशा घेऊन पहिल्या रांगेत बसलो असतो.

मागच्या दारापाशी मुलगी उभी होती. दोन्ही बाजूंना मैत्रिणी. तिनं मला पाहून हात हलवला. इतक्यांसमोर!

"आता आपले संपादक," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आणि बसल्या.

व्यासपीठावर चढेपर्यंत माझ्याकडे काही नव्हतं. तिथे पोचल्यावर तर तेही उरलं नाही.

"मित्रहो!" मी म्हणालो. "उशी... खाली ठेवावी."

ठेवल्या. पंपाची पुस्तिका कामाला आली! सूचना दिली की माणूस ऐकतो.

"उशीवर डोके ठेवावे. डोळे मिटावे. दीर्घ श्वास घ्यावा."

सगळं सभागृह आडवं झालं! आणि मला सुचलं, अगदी खरोखर सुचलं. म्हटलं, मुलं घरी बोलत नाहीत कारण आपण त्यांच्याकडे डोळे वटारून बघतो. आज आपण डोळे मिटून पडायचं, मुलांनी शेजारी बसून आठवड्याच्या बातम्या सांगायच्या. कागदाविना बातमीपत्र! आई-बापांबरोबर आलेली मुलं अंगणातून आत आली. बसली. कुजबूज सुरू झाली. मी मागच्या दाराकडे पाहिलं. मैत्रिणी तिला कोपरानं ढोसत होत्या आणि ती, अहो, ती अभिमानानं ओठ चावत होती! मी जिंकलो होतो! मंडळी, गोष्ट इथे संपली असती तर काय बहार होती!

पहिल्या रांगेतून आवाज आला. घर्रर्र.

गिरदीवाले. मग आजी. मग चौथ्या रांगेतून एक शिट्टी आणि तिला खिडकीकडून उत्तर. आठवडाभर कामाला जुंपलेली माणसं हो ती! त्यांना शनिवारी सकाळी आडवं करून डोळे मिटायला सांगणारा जगातला एकमेव मूर्ख व्यासपीठावर उभा होता. बघता बघता निम्मं सभागृह झोपी गेलं. मुलं आई-बापांना हलवत होती. "बाबा, मी सांगतोय! बाबा!" एक लहानगी तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती, दुसरा चक्क रडायच्या बेतात.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला.

यांना उठवायचं कसं? सूचना चालेना. हसवावं म्हटलं! आणि माझ्या तोंडून निघालं, तेही ध्वनिवर्धकातून, पुऱ्या आवाजात:

"आता आमचंच बघा! माझी मुलगी! सातवीत आहे! ती बघा, मागे उभी आहे! हिला विचारलं, शाळेत काय झालं, की ही म्हणते..." आणि मी तिची नक्कल केली. मान वाकडी, खांदे पाडून, नाकातून: "काऽही नाऽही!"

काय हशा पिकला! गिरदीवाले दचकून उठले आणि काय झालं ते न कळताच हसले. आजी हसल्या. मैत्रिणी हसल्या. सगळे, एकूणएक, माना वळवून मागे बघू लागले.

मीही बघितलं. मैत्रिणी दोन होत्या. मधे जागा होती.

कार्यक्रम प्रचंड यशस्वी झाला. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसून परत लावला आणि म्हणाल्या, "दर महिन्याला ठेवू या!" गिरदीवाल्यांनी माझा हात धरून सांगितलं, इतकी झोप त्यांना लग्नानंतर लागली नव्हती. सगळ्यांच्या उशा एकमेकांत गेल्या, त्यामुळे पुढच्या अंकाचं एक पान आधीच भरलं.

घरी येताना बायको दोन्ही उशा उचलून चालत होती. मी घ्यायला गेलो तर दिल्या नाहीत.

"एक अक्षर नाही म्हणाला होतात."

"छापलं कुठे? मी फक्त बोललो."

ती थांबली. "हे तिला सांगणार आहात?"

नाही सांगितलं. मुलीच्या दारावर टकटक केलं. म्हटलं, अगं, मला उठवायचं होतं त्यांना. म्हटलं, चुकलं माझं. म्हटलं, तू मार मला हवं तर, उशीनं. मग दारापाशीच बसलो आणि अगदी हळू विचारलं, "बोल ना. काय झालंय?"

उत्तर आलं नाही. ते दोन शब्दसुद्धा नाहीत. त्या दोन शब्दांत तिचा आवाज असायचा, हे मला तेव्हा कळलं.

बातमीपत्र जोरात चाललंय. पालक पहिल्या पानापासून वाचतात, रस्त्यात थांबवून विचारतात. पोरं मला उशीकाका म्हणतात. सहावीपासून आठवीपर्यंत कुणाचं काय चाललंय ते सगळं मला ठाऊक असतं. सातवीतल्या एका मुलीचं सोडून. ती आता दुसऱ्या फाटकानं शाळेत जाते.

परवा बाईंकडून कळलं, पालकसभेच्या आदल्या दिवशी माझी मुलगी त्यांच्याकडे गेली होती आणि 'बातमीपत्र मी काढू का?' असं तिनं विचारलं होतं, आणि वरून बघायला एखादा पालक मिळाला तर हो, असं बाई म्हणाल्या होत्या.