कुंदा साळुंकीचा पगार आणि शीतनिद्रा निधी

एका जंगलात, बाळांनो, कुंदा नावाची साळुंकी राहत होती. जंगलाचं नाव सांगत नाही. तिथे माझे नातेवाईक नोकरीला आहेत.

कुंदाचं घरटं माणसांच्या एका शाळेच्या वळचणीला होतं. त्यामुळे अंड्यातून बाहेर आल्यापासून तिच्या कानावर इंग्रजी पडत होतं. ती "गुड मॉर्निंग" म्हणायची, "मे आय कम इन" म्हणायची, आणि रागावली की "स्टँड अप ऑन द बेंच" म्हणायची. पण तिच्या जंगलात या विद्येला काही भाव नव्हता. तिथे कावळेसुद्धा दिवसभर "काऊ, काऊ" ओरडत आणि आपल्याला इंग्रजी येतं असं समजत.

अशात बातमी आली की डोंगरांपलीकडे अस्वलांचं राज्य आहे आणि तिथे इंग्रजीच्या मास्तरांना फार मागणी आहे. मधमाश्यांशी इंग्रजीत बोललं तर त्या चावत नाहीत, अशी तिथल्या अस्वलांची पक्की समजूत झाली होती. ती कुणी करून दिली, कोण जाणे. ज्याची शाळा होती त्यानेच करून दिली असावी.

शाळा होती हसमुखराव तरसांची. तरस आनंद झाला म्हणून हसत नाही, तोंडच तसं असतं म्हणून हसतो. कुंदा डोंगर ओलांडून त्यांच्या दारात आली, तेव्हा तिला मात्र हे ठाऊक नव्हतं.

"महिन्याला शंभर अक्रोड," हसमुखराव म्हणाले आणि हसले. "राहायला देवदाराची ढोली. वर वाऱ्याची झुळूक फुकट."

कुंदाने त्याच दिवशी घरी निरोप धाडला. शंभर अक्रोड! तिच्या मावशीने तो निरोप झाडाझाडावर जाऊन सांगितला. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितला.

कुंदाचा वर्ग छान चालला. अस्वलांची पिल्लं जाड होती, पण डोक्याने हुशार होती. "धिस इज अ बी," असं कुंदाने शिकवलं, तेव्हा एका पिल्लाने मधमाशी जमिनीत पेरून पाहिली. माशीने नाकाला दंश केला. पिल्लू माशीलाच म्हणालं, "आय अॅम सॉरी." कुंदाला अगदी भरून आलं. आपला जन्म याच कामासाठी झाला, असं तिला वाटलं.

मग महिना संपला.

पगार वाटायचे बापूसाहेब. ते जातीचे खवले मांजर, पदाने हिशेबनीस. त्यांनी कुंदापुढे अक्रोडांची पिशवी ठेवली. पिशवी जरा सडपातळ होती. बरोबर एक पान होतं. त्यावर लिहिलं होतं: राजकर, वीस. शीतनिद्रा निधी, दहा. नखं-दुरुस्ती, पाच. हाती, पासष्ट.

"बापूसाहेब," कुंदा म्हणाली, "मी हिवाळ्यात झोपत नाही."

बापूसाहेबांनी मान आत घेतली.

"आणि माझी नखं मीच फांदीवर घासते."

बापूसाहेबांनी पाय आत घेतले.

"बरं, हा राजकर नेमका कुठे जातो?"

बापूसाहेबांनी शेपूटही गुंडाळली. मेजावर खवल्यांचा एक गोळा तेवढा उरला. कुंदाने त्यावर चोचीने टकटक केलं.

आतून आवाज आला, "जेवणाची सुट्टी."

कुंदा मनोहर पारव्याकडे गेली. मनोहर व्याकरण शिकवायचा. तो तिच्याच मुलखातला, पण इथे येऊन त्याला इतकी वर्षं झाली होती की तो आता घुमायचाही अस्वलांसारखा.

"मनोहरभाऊ, तुमचेही कापतात?"

"कापतात की."

"कशासाठी?"

"पगार आहे म्हटल्यावर कापणारच. नसता तर कशातून कापले असते?"

"पण तुम्ही तरी हिवाळ्यात झोपता का?"

"अजून तरी नाही. पण उद्या झोप लागली तर? निधी असलेला बरा." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ कुंदाताई, आपण परमुलखात आहोत. इथे मान खाली घालून दाणे टिपायचे. विचारायचं असेल तर हवामान विचारायचं."

कुंदाने रात्रभर मान खाली घालून पाहिली. मान अवघडली. सकाळी ती हसमुखरावांकडे गेली.

"राजाचा नियम आहे, बाई," हसमुखराव हसत म्हणाले. "मी काय करणार? मी तर फक्त कापतो."

"मग मी राजालाच विचारू का?"

हसमुखराव हसायचे थांबले नाहीत. ते त्यांच्या हातात नव्हतं. पण हसण्याचा आवाज मात्र बारीक झाला.

"राजा फार कामात असतो," ते म्हणाले. "तुम्ही आपला धडा शिकवा."

आता झालं असं, बाळांनो, की त्या आठवड्याचा धडा होता प्रश्नार्थक शब्दांचा. व्हॉट, व्हेअर, व्हाय. कुंदाने तो मन लावून शिकवला. कदाचित जरा जास्तच मन लावून शिकवला. त्या संध्याकाळी गुहेगुहेतून एकच आवाज येऊ लागला. आई म्हणाली, "आंघोळीला चल." पिल्लू म्हणालं, "व्हाय?" बाबा म्हणाले, "मी सांगतो म्हणून." पिल्लू म्हणालं, "व्हाय?" बाबांनी यावर आयुष्यात कधी विचार केला नव्हता. ते बाहेर जाऊन दगडावर बसले आणि उजाडेपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढे पालकांची गर्दी झाली.

"आमची मुलं बिघडली!" एक अस्वलीण म्हणाली. "आम्हाला इंग्रजी हवंय ते मधमाश्यांशी बोलायला. आमच्याशी नव्हे!"

हसमुखरावांना आयतीच संधी मिळाली. त्यांनी कुंदाला बोलावलं. "तुमचा इथे राहायचा परवाना रद्द. पहिला बर्फ पडायच्या आत जंगल सोडायचं."

कुंदा ढोलीत येऊन बसली. परत जायचं म्हणजे मावशीपुढे उभं राहायचं, आणि मावशी सगळ्या झाडांपुढे. वर्गातली पिल्लं डोळ्यांपुढे येत होती. नाक सुजलेलं ते पिल्लू तर डोळ्यांपुढून जातच नव्हतं. बराच वेळ ती रडली. मग तिच्या लक्षात आलं की आता तिच्याकडून कापण्यासारखं काही उरलेलंच नाही. तिने डोळे पुसले, पिसं नीट केली आणि थेट राजाच्या गुहेत गेली.

भालचंद्रमहाराज म्हातारे अस्वल होते. ते मधाच्या पोळ्यात नाक खुपसून बसले होते.

"महाराज, आपला राजकर जास्त होतोय," कुंदा म्हणाली.

महाराजांनी नाक बाहेर काढलं. "माझा काय?"

"राजकर."

"हे काय असतं? फळ आहे का?"

राजाला राजकर ठाऊकच नव्हता! पण तिच्यातली शिक्षिका गप्प बसेना. ती हाडाची शिक्षिका होती आणि समोर एक विद्यार्थी होता, ज्याला काहीच येत नव्हतं. तिने महाराजांपुढे दहा खडे मांडले. "समजा, हे माझे अक्रोड. मी मेहनत केली, म्हणून मला मिळाले. आता यातले दोन आपल्या नावाने काढून घेतले."

"मी काय मेहनत केली?"

"काही नाही."

"तरी दोन माझे?"

"हो."

महाराजांच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडू लागला. इतका चांगला विद्यार्थी कुंदाला वर्गातही मिळाला नव्हता.

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

"सगळ्यांकडून? आणि ते देतात? चावत नाहीत?"

"देतात, महाराज. पण ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत. तक्रार तीच आहे."

महाराज उठून उभे राहिले. गुहेचं छप्पर हललं. "बोलवा त्या तरसाला!"

हसमुखराव आले ते लटपटत. हसत होते, पण घामाने भिजले होते. कुंदाला त्यांची थोडी दयाही आली. आता याचं कातडं सोलणार, असं तिला वाटलं.

"तू माझ्या नावाने अक्रोड घेत होतास?" महाराजांनी विचारलं.

"च... चूक झाली, महाराज."

"किती वर्षं?"

"शाळा उघडल्यापासून."

"आणि इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही?"

"या बाईच पहिल्या, महाराज."

महाराजांनी पुढे होऊन हसमुखरावांना मिठी मारली. हसमुखरावांच्या दोन बरगड्या वाजल्या. "अरे गुणी प्राण्या! असली विद्या पोटात ठेवून तू शाळा कसली चालवतोस? आजपासून तू माझा करमंत्री. या कामाचा अनुभव असलेला राज्यात तू एकटाच आहेस. साऱ्या जंगलाला कर लाव!"

"महाराज!" कुंदा ओरडली. "मी तर न्याय मागायला आले होते!"

"मिळाला ना," महाराज प्रेमाने म्हणाले. "तुझे अक्रोड बेकायदा कापले जात होते. आता कायद्याने कापले जातील."

"आणि मागचे?"

महाराजांनी हसमुखरावांकडे पाहिलं. हसमुखरावांनी पोटावरून हात फिरवला.

"ते पचले," महाराज म्हणाले.

एक गोष्ट मात्र कुंदाच्या बाजूने झाली. महाराजांना मोजता यायचं ते फक्त पुढच्या दोन पंजांच्या नखांपर्यंत. म्हणून कर ठरला दहा अक्रोड. झोपेचा आणि नखांचा काही संबंध त्यांना कळला नाही, म्हणून ते दोन्ही रद्द झाले. आणि शाळेला आता मालक नव्हता. "तू चालव," महाराज म्हणाले. "शिकवतेस चांगलं. मला एका बैठकीत समजलं."

कुंदा उडत परत आली. वाटेत तिने तीन गिरक्या घेतल्या. परवाना राहिला, पिल्लं राहिली, वर शाळाही मिळाली. पहिली गोष्ट तिने काय केली असेल? मास्तरांना अख्खा पगार द्यायचं ठरवलं. कापायचा तो फक्त राजाचा कर, बाकी एक टरफलही नाही. पगाराच्या दिवशी तिने बापूसाहेबांना उलगडून बसवलं आणि प्रत्येकाच्या पिशवीत नव्वद अक्रोड घातले. पानावर कपातीची एकच ओळ. मास्तरांचे चेहरे आता कसे खुलतील, हे बघायला ती दारातच उभी राहिली.

मास्तरांनी पिशव्या उचलल्या. मग हातात तोलल्या. मग एकमेकांकडे पाहिलं. थोड्याच वेळात तिच्या दारापुढे रांग लागली. सगळ्यांत पुढे मनोहर पारवा.

"कुंदाताई, माझ्या पगारात घोटाळा आहे."

"कमी आहेत का, मनोहरभाऊ?"

"जास्त आहेत! आणि शीतनिद्रा निधी दिसत नाही. इतकी वर्षं मी भरतोय. माझी झोप रद्द केली की काय?"

"अहो, तुम्ही झोपतच नाही!"

"तो माझा प्रश्न आहे. निधी कुठे गेला?"

मागून एक बदक म्हणालं, "माझ्या नखांचं काय?"

"तुम्हाला नखं आहेत कुठे धड?"

"नाहीत म्हणूनच तर दुरुस्ती हवी!"

"शाळा बुडत असणार," एक ससाणा हळूच म्हणाला. "बुडायच्या आधी असं हात सैल सोडून वाटतात."

कुंदाने समजावलं. खडे मांडून समजावलं. महाराजांना एका बैठकीत कळलं होतं, मास्तरांना कळेना. दुपार झाली, रांग हलेना. वर्गात पिल्लं खोळंबली होती. कापत होते तेव्हा या सगळ्यांत एकाचीही मान वर झाली नव्हती, आणि आज अख्खा पगार मिळाला तर प्रत्येकाला जाब हवा होता.

शेवटी कुंदा आत गेली. बापूसाहेबांच्या कानात काहीतरी म्हणाली. बापूसाहेबांनी सगळ्यांची पानं परत घेतली, प्रत्येकावर एक ओळ वाढवली आणि प्रत्येक पिशवीतून दोन अक्रोड काढून घेतले.

मनोहरने पान उलटंसुलटं करून पाहिलं. नवी ओळ अशी होती: इतर, दोन.

"हां!" तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "आता कसं व्यवस्थित वाटतंय. चला रे!"

आणि सगळे मास्तर समाधानाने घुमत, क्वॅक करत, पंख झटकत घरी गेले. 'इतर' म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या पगारातून अधूनमधून थोडं काढून घेत जावं. नाहीतर त्याला आपण लुबाडले जातोय असं वाटू लागतं.