पंचविसातला सातवा बैल

पाखऱ्या आणि मोत्या हे घरचे बैल गेल्या वर्षी विकले गेले, आणि त्यांच्या पैशात अनुपने एक बैल विकत आणला. कागदावर छापलेला. मोठ्या चित्रकाराच्या चित्राच्या जगात पंचवीसच प्रती, त्यातली ही सातवी. बैलाच्या खुरांखाली पेन्सिलीने '७/२५' आणि सही.

"भाव दुप्पट होते याचा, आई. मंग तुले जोडी परत आणून देतो," अनुप म्हणाला होता. तेव्हापासून त्या कागदाचा भाव चढावा म्हणून पार्वताबाई रोज दिवा लावत.

आज नागपूरहून चंद्रकुमार साहेब चित्राची किंमत ठरवायला येणार होते. काच नको, कागद हाताळून पाहतो, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणून अनुपने सकाळीच चित्र चौकटीतून काढून ओसरीवर पाटाला टेकवलं आणि तो साहेबांना आणायला साकोलीच्या स्टँडवर गेला.

आणि आज पोळा होता.

पार्वताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तोरणाखाली साठ जोड्या उभ्या राहायच्या. आता गावभर ट्रॅक्टर. पण सवय कुठे जाते? आदल्या संध्याकाळी, दरवर्षीसारखं, त्या बैलाला बोलून गेल्या होत्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." समोर होतं ते चित्र. आता आवतण दिलेला पाहुणा उपाशी कसा ठेवायचा?

त्यांनी बैलाच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. अगदी लहान. मग पुरणपोळीचा घास तोंडापाशी नेला, तर तूप कागदात उतरलं आणि बैलाचा जबडा आरपार दिसू लागला. तूप टिपायला त्यांनी कोरडी कणीक दाबली. बैलाला पांढरी दाढी आली.

तेवढ्यात शेजारच्या कलाबाई ताट घेऊन दारात. "पार्वताबाई, तुमच्या घरी बैल आहे म्हणते. आमच्याकडं तं ट्रॅक्टरच."

"या, पण हात नोका लावू. किमती आहे."

"हात कायले लावू? पाय धुतो फक्त," म्हणत कलाबाईंनी तांब्या खुरांवर रिकामा केला.

खुरांखालची सही निळसर होऊन वाहू लागली.

"काय केलं व बाई!"

"पाय न धुता पूजा करता का तुम्ही?" कलाबाईंनी विचारलं.

दारात मोटारसायकल थांबली. अनुपने ओसरी पाहिली आणि तो पायरीवरच बसला. साहेब मात्र भिंग काढून गुडघ्यांवर टेकले.

"पाणी कोणी टाकलं?"

"मी नाही," पार्वताबाई म्हणाल्या. कलाबाई ताटाकडे पाहू लागल्या.

"पेन्सिलची सही पाण्यानं पसरत नाही, बाई. ही पसरली. म्हणजे आकडा बी छापलेला, सही बी छापलेली. असे पाचशे बैल फिरून राहिले असतील."

"अन् मी ट्रॅक्टरची ट्रॉली इकून दिवाळीले असे आणखी दोन बैल घेणार होतो," अनुप पुटपुटला.

"घ्या," कलाबाईंना कंठ फुटला. "पाय धुतले म्हणून वाचला पोरगा."

अनुपने विकणाऱ्याला फोन लावून पोलिसांचं नाव काढलं. पलीकडचा माणूस लगेच नरमला. "साहेब, वाद नको. चित्र जसं दिलं तसं परत पाठवा, पूर्ण पैसे देतो."

अनुपने चित्राकडे पाहिलं. कपाळी कुंकू, दाढीला कणीक, पाय स्वच्छ धुतलेले. त्याने फोन ठेवला. पार्वताबाई पुढे झाल्या. "जेवू घातलेला बैल कोणी परत देते का? राहू दे."

फाटकाशी आणखी चार बाया ताटं घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी कागद-पेन काढलं. "आलोच आहे तर लिहून देतो. तशी किंमत काहीच नाही. पण वाळवून चांगली चौकट लावली, तर कोणी हौशी माणूस दोन-तीन हजार—"

"शून्य लिवा," पार्वताबाई घाईने म्हणाल्या. "हात जोडतो साहेब, शून्यच लिवा. नाही तं हा बी इकून टाकते तो."