टेकचंदभाऊंचा पूल

"उन्हाळ्यात महिनाभर येतो, बाबूजी. पन आधी पूल होऊ द्या. पूल झाला का रक्षाले घेऊनच येतो," एवढं बोलून मुलाचा, कैलाशचा फोन हैदराबादेत कट झाला आणि इकडे टेकचंदभाऊंचं डोकं चालू झालं. तेच वाईट झालं.

भाऊंच्या टोल्यात, गावापासून सुटून वसलेल्या त्या वस्तीत, 'पूल' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. आंधळगावकडे जाणाऱ्या वाटेवर नाला होता आणि नाल्यावर गाड्या पार व्हायला सिमेंटचा बुटका रपटा होता. मागच्या पावसाळ्यात तो वाहून गेला, तेव्हा लहानथोर सगळे 'रपटा गेला' असंच म्हणाले. दिवाळीला कैलाशची गाडी त्याच नाल्याच्या रेतीत रुतली आणि ट्रॅक्टरने ओढताना तिचा बंपर तिथेच राहिला. पूल मात्र भाऊंनी फोनवर ऐकला होता, तो नातीच्या तोंडून. आठ वर्षांची रक्षा रोज संध्याकाळी सांगायची, "आजोबा, मी आत्ताच पूलमधून आले, केस ओले आहेत." आता एवढं शिकवल्यावर आजोबांनी दुसरा अर्थ काढायचा तरी कसा?

"आयकलं का वो? पोरीसाठी पूल पाह्यजे म्हनते कैलाश. पोहाचा," भाऊंनी बायकोला सांगितलं.

"पोहाचा? अंगनात टप ठेवा मोठा. त्यात बसंल ते," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मागच्या मे महिन्यात तिसऱ्याच दिवशी ऊन लागलं पोरीले. रीता सूनबाई घेऊन गेली नं तिले! टपात बसवून महिना काढन का ते?"

सत्यभामाबाईंनी टपाचा विषय सोडला. नात तीन दिवसांत परत गेल्याचं दुःख त्यांनाही होतंच. जवाहरनगरच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं काढून भाऊंनी आणलेला फंड बँकेत पडून होता आणि घरात दोन म्हातारी माणसं एकमेकांची तोंडं पाहत होती. असा पैसा काय चाटायचा?

केवळराम मिस्त्रीने घरामागची वाडी पावलांनी मोजली. त्याने आयुष्यभर विहिरी आणि गोबरगॅसचे टाके बांधले होते. "चार लाखांत टाका उभा करून देतो भाऊ," तो म्हणाला.

"टाका नाई गा, पूल."

"तेच ते. पानी राह्यते नं त्याच्यात? पन रेतीच्या ट्रॉल्या येतील, कोनी अडवाले नोको. ग्रामपंचायतीचा कागद करून घ्या."

भाऊंनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला : 'मी स्वखर्चाने पूल बांधीत आहे. तरी ग्रामपंचायतीने ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती.' कारखान्यात जन्मभर आटोपशीर अर्ज लिहिलेला माणूस तो, एक शब्द जास्त लिहील तर शपथ.

सरपंच कृष्णराव नाल्याच्या पलीकडे, मूळ गावात राहत. रपट्याच्या जागी नवा पूल द्या म्हणून त्यांनी सरकारी कचेरीत चपला झिजवल्या होत्या. त्यांनी भाऊंचा अर्ज दोनदा वाचला आणि चक्क कपाळाला लावला. ना-हरकत त्याच दिवशी मिळाली. अशी तत्परता पाहून खरं म्हणजे भाऊंना तेव्हाच शंका यायला हवी होती.

चार फुटांवर खडक लागला. तो फोडायला मशीन आणलं, तेव्हा चाराचे सहा लाख झाले. भिंती उभ्या राहिल्या तोच शेजारच्या बांधीत उन्हाळी धानाला पाणी सोडलं गेलं. ते झिरपून एक भिंत पोटुशीसारखी फुगली. ती पाडून पुन्हा बांधली. मग निळ्या टाइल्स आल्या. मग नागपूरहून एक तज्ज्ञ आला आणि खड्ड्यात डोकावून म्हणाला, "फिल्टर बसवला नाही, तर आठ दिवसांत गावच्या बोडी-तळ्यासारखं हिरवं होईल पाणी." फिल्टरची किंमत ऐकून भाऊ टाइल्सवरच बसले. सत्यभामाबाई रोज विचारत, "किती झाले?" आणि भाऊ रोज न चुकता खोटं सांगत.

त्यातच सव्वीस जानेवारीला ग्रामसभेने भाऊंचा सत्कार ठेवला. शाल आणि नारळ देऊन कृष्णराव गहिवरून बोलले, "भाऊचा पूल झाला, का शाळेचे पोरं, बाजाराच्या बाया, सारे खुश! बाळंतपनाची बाई असो, का कोनाची म्हैस असो, भाऊ कोनालेच नाई म्हननार नाई!"

टाळ्या कडाडल्या. भाऊंच्या हातातला नारळ निसटला. आपल्या निळ्या टाइल्सवर म्हैस बसलेली त्यांना स्पष्ट दिसली. ते शाल काखोटीला मारून तडक घरी आले.

"केवळराम, कंपाउंड बांध! सात फूट पाह्यजे. अन् वरून काच लाव."

"काहून भाऊ? सत्कारात काय बिघडलं?"

"सारा गाव पोहाले येऊन राहिला!"

टोल्यातल्या लोकांना मिस्त्रीने सांगितलं होतं की भाऊ टाका बांधतात, आणि सरपंचाने सांगितलं होतं की भाऊ पूल बांधतात. लोकांनी दोन्ही खरं धरलं. आधी टाका, मग पूल. रिटायर माणसाजवळ पैसा दिसतो बापा, असं म्हणून ते आपल्या कामाला लागले.

एप्रिलच्या शेवटी पूल भरला. दुपारी सत्यभामाबाईंनी त्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला. "चायपत्ती टाका आता यात," त्या म्हणाल्या. उन्हाने पाणी नुसतं तापलं होतं. म्हणून पुलावर पत्र्याचं शेड आलं, पत्र्याने आणखी तापलं म्हणून त्याखाली सीलिंग आलं. एवढं सगळं झाल्यावर भाऊंनी छाती फुगवून फोन लावला.

"बेटा, पूल झाला! निघा आता."

"काय सांगता बाबूजी! सरकारनं इतक्या लवकर बांधला?"

"सरकार कायले बांधन? मी बांधला."

"तुमी? एकट्यानं? अन् गाडी जाते नं त्याच्यावरून?"

"गाडी काहून नेतं त्याच्यात? पोहासाठी हाय तो!"

मग कैलाश हळू आवाजात म्हणाला, "बाबूजी, मी रपट्याचं म्हनत होतो. पोहाचा पूल तं रक्षाले इथंच आहे. नाल्यापलीकडं गाडी ठेवून पोरीले दीड किलोमीटर उन्हात कसं चालवू? मागच्या वर्षी ऊन लागलं तिले. रीता नाईच म्हनते."

"मंग रपटा म्हनाचा होता नं, बाप्पा!" भाऊ ओरडले. रडू आलं होतं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून ते रेती तुडवत कृष्णरावांकडे गेले. "सरपंच, सरकारचा रपटा कधी होते हो?"

"काय थट्टा करता भाऊ!" कृष्णराव हसले आणि आतून एक पत्र घेऊन आले. "सरकारनं तुमचे आभार मानले. पाहा."

आभारांच्या खाली भाऊंनी वाचलं : 'ग्रामस्थ श्री. टेकचंद हे स्वखर्चाने पूल बांधत असल्याचे कळविण्यात आल्याने, सदर कामासाठी मंजूर निधी अन्य तालुक्याकडे वळविण्यात आला आहे.'

"मंजूर झाला होता?" भाऊंनी विचारलं.

"मार्चमंदीच. तुमी करून राहिले म्हनून मीच कळवलं. दोन-दोन पूल कायले पाह्यजे? बरं, तुमी काम कधी सुरू करता? पावसाळा आला."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ऐकून कृष्णराव उठले ते थेट भाऊंच्या वाडीत आले. सात फुटी कंपाउंड, शेड, सीलिंग, आणि आत निळं, नितळ, गरम पाणी. ते काठावर उभे राहिले. त्यांना राग यायला हवा होता, पण तोही आला नाही.

"किती लागले भाऊ?"

भाऊंनी बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "सतरा लाख."

"मले तं नऊ सांगतले होते," सत्यभामाबाई म्हणाल्या.

कृष्णराव पुटपुटले, "आपल्या रपट्याचं इस्टिमेट सोळाचं होतं."

सत्यभामाबाईंनी पाण्यावर पडलेलं चिंचेचं पान उचललं आणि बाजूला टाकलं.

"अन् उरलेल्या लाखात," त्या म्हणाल्या, "पोरीच्या खोलीले ए.सी. बी लागला असता."