बिसेन उस्तादांची बिनबुटाची कवायत

बिसेन उस्ताद कुणाच्या कानात कुजबुजले, तरी मैदानापलीकडच्या टपरीतला चहावाला "काय म्हणता साहेब?" म्हणून बाहेर येतो. जन्मभर त्यांनी पोलिसांना कवायत शिकवली. गोंदियाच्या मैदानावर ते ‘सावधान’ ओरडले की आम्ही शिपाई ताठ होतोच, कुंपणाबाहेरचे सायकलवालेही पाय टेकून उभे राहतात. अशा माणसानं खात्यात कोणतं काम मागून घ्यावं? पोलिसांना हळू बोलायला शिकवण्याचं.

झालं असं, की मनाच्या आजारानं बेभान झालेल्या माणसाशी पोलिसांनी कसं वागावं, हे शिकवायला सरकारी दवाखान्यातल्या एक डॉक्टरबाई आल्या. पडद्यावर चित्रं दाखवली, फार मनापासून बोलल्या. आम्ही माना डोलावल्या आणि चहाची वाट पाहत बसलो. शेवटी त्यांनी विचारलं, की हा सराव पुढे कोण चालू ठेवील? सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. एकच हात वर गेला, उस्तादांचा. त्यांना चहा हवा असेल असंच आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचे हाल सुरू झाले. "पोलिसाच्या डोक्यात काही घालायचं असन तर पायातून घाला लागते," हे उस्तादांचं आवडतं वाक्य. डॉक्टरबाईंनी जे जे सांगितलं होतं, त्याची त्यांनी सरळ कवायत करून टाकली. हुकूम सुटायचे, "काठी, रख! टोपी, उतार! बूट, खोल! नीचे, बैठ! जबान, बंद! कान, खोल!" आणि आख्खी तुकडी अनवाणी मातीत मांडी घालून बसायची. डॉक्टरबाई एकदा हे पाहायला आल्या आणि पोट धरून हसल्या, पण जाताना म्हणाल्या, "यातलं काही बदलू नका."

मग उस्ताद डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्वतः त्रासलेला माणूस व्हायचे. कधी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, कधी माती फेकायचे. एकदा पाठ फिरवून इतका वेळ गप्प बसले, की आम्हाला वाटलं डुलकी लागली. माझ्यासोबतचा मेश्राम शिपाई हळूच म्हणाला, "काऊन बोलून नाही राहिले बाबा?"

"मेश्राम! एक चक्कर!"

कारण त्यांच्या वर्गात ‘काऊन’, म्हणजे ‘का’, या शब्दाला बंदी होती. आता गोंदियात ‘काऊन’ न म्हणता जगायचं म्हणजे भात न खाता जगण्यासारखंच. जो म्हणेल त्यानं मैदानाला एक चक्कर मारायची. त्या महिन्यात आमची वजनं उतरली. उस्तादांचं म्हणणं साफ होतं, "काऊन इचारलं का समोरचा आरोपी होते. आन त्याले सोताले मालूम असतं, तर तुमची गरज कायले पडली असती?"

मग विचारायचं काय? "आज भाजी कायची होती?" बस. एवढंच विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत बसून राहायचं. आम्ही मैदानातल्या कडुलिंबासमोर बसून त्याला आळीपाळीनं भाजी विचारायचो. एक मोठे साहेब तिथून जाताना थबकले. "ये क्या चल रहा है?"

"हत्यार साफ कर रहे हैं, सर!" उस्ताद गरजले. साहेब गाडीत जाऊन बसले.

चेष्टा पुष्कळ केली आम्ही. पण पूर्वी असा माणूस बाजारात दिसला की आम्ही चौघं चार हातपाय धरून त्याला जीपमध्ये टाकायचो. एकदा सालेकशाच्या बाजारात दगड भिरकावणारा एक जण मेश्रामशी भाजीवर बोलता बोलता आपल्या पायांनी जीपमध्ये चढला आणि दवाखान्यात गेला. त्या दिवशी मेश्राम ठाण्यात असा शिरला, जणू सासऱ्यानं पाठ थोपटून पाठवलंय.

उस्तादांविषयी आमची एकच तक्रार होती. राहायला इथंच मुर्रीला, पण कधी कुणाला घरी चहाला बोलावलं नाही. लग्नाकार्याला एकटेच यायचे. रोज दुपारी जेवायला घरी पळायचे, थांबा म्हटलं तरी थांबायचे नाहीत. "चिकट आहेत," असा निकाल आम्ही लावून टाकला होता.

त्या दिवशी दुपारी मात्र साहेबांनी त्यांना मीटिंगला बसवून ठेवलं. इकडे कंट्रोल रूमचा निरोप आला, मुर्रीच्या बोडीत एक बाई कमरेइतक्या पाण्यात उभी आहे आणि बाहेर येत नाही. मी आणि मेश्राम निघालो. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. पाळीवर, म्हणजे बांधावर, गर्दी, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि सगळे एकच ओरडत होते, "काऊन उभी आहेस व? काऊन?" पुढे माती काढून खोल खड्डा झालेला. बाई तिकडेच तोंड करून उभी.

मला पोहता येत नाही. पण कानात उस्तादांचे हुकूम वाजायला लागले आणि अंग आपोआप चालू लागलं. काठी ठेवली, टोपी काढली, बूट काढले आणि काठच्या चिखलात, पाण्यातच बसले. मेश्रामनं गर्दी मागं नेली.

"बाई, मी पटले शिपाई. इथंच बसून राहिली मी. मले घाई नाही."

मग मी विचारलं, "आज भाजी कायची होती?"

बाईंनी पहिल्यांदाच मान वळवली. "तू बिसेनची शिपाईण होय का व?"

"तुमी उस्तादाले ओळखता?"

"माहा नवराच होय तो. घरी आला का बूट काढते, खाली बसते, आन हेच इचारते. इतका हळू, का मलेच ऐकू येते."

हुकुमात पुढे काही नव्हतं, म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारला. "मंग? कायची होती?"

"लाखोरीच्या पाल्याची. करपली."

"माही तं रोजच करपते," मी म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं. बाई सावकाश वळल्या, चिखल तुडवत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांचा हात धरला.

तेवढ्यात, निरोप कळताच मीटिंग सोडून, पाळीवरून उस्ताद धावत आले. बूट पायात, टोपी डोक्यावर, सगळी कवायत विसरलेले. आख्ख्या मुर्रीला ऐकू जाईल असे ओरडले, "काऊन व इंदू! काऊन आली इथं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "उस्ताद, काऊन म्हटलं तुमी. एक चक्कर."

नोकरी गेली, असंच वाटलं मला. पण इंदूबाई हसल्या. ते हसू ऐकून उस्ताद होते तिथंच पाळीवर बसले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले. त्या त्यांना सुटत नव्हत्या. मेश्रामनं सोडून दिल्या.

दवाखान्यात जाताना जीपमध्ये ते म्हणाले, "हिचं औषध मी नागपूरहून आणतो. इथं कोणाले कळू नाही देल्लं. बेभान माणसाले आपण कसं उचलून आणतो, पाहत होतो ना मी. उद्या कोणी हिले तसं धरून नेईन, याचं भेव होतं. म्हणून हात वर केला होता त्या दिवशी."

इंदूबाई आता इथल्याच डॉक्टरबाईंकडे जातात. पण सांगायचं आहे ते दुसऱ्या सकाळचं. आम्ही मैदानावर पोचलो तर उस्ताद आधीच पळत होते. ठरलेली चक्कर, अनवाणी. कुणी हुकूम दिला नाही. मेश्रामनं बूट काढले, मी काढले, मग सगळ्यांनीच, आणि आख्खी तुकडी त्यांच्या मागं पळाली. माझी छाती तेव्हा जी फुगली, ती काही पळण्यानं नव्हे.

चक्कर संपली. उस्ताद आमच्याकडे वळले आणि काहीतरी बोलले. मी मागच्या रांगेत होते. नोकरीत पहिल्यांदाच मला पुढच्याला विचारावं लागलं, की उस्ताद काय म्हणाले.

"रविवारी घरी जेवायले या म्हणतेत," मेश्राम म्हणाला. "सगळे."