आबांच्या छातीत कोण वाजतं?

"आवाज तुमचा आहे की माझ्या बापाचा, तेवढं आधी सांगा! बाकीचं आपण सावकाश भांडू!"

नूतनच्या एका हातात देठाला धरलेलं भरताचं वांगं होतं आणि त्यातून अजून धूर निघत होता. दुसरा हात कमरेवर. तिच्यासमोर तिचा नवरा हितेंद्र रविवारचा पेपर ढालीसारखा धरून उभा होता.

"अगं, मी काय केलं? मी तर वाचत होतो."

"मग घरात टींटूं कोण वाजलं? वांगं?"

हितेंद्रने वांग्याकडे पाहिलं. (बायकोने प्रश्न विचारला की नवरा तिच्या हातातल्या वस्तूकडे बघतो. उत्तर तिथे लिहिलं असेल अशी त्याला आशा असते.)

या भांडणाचं मूळ समोरच्या आरामखुर्चीत गळ्यापर्यंत चादर ओढून बसलं होतं. नूतनचे वडील, शालिग्राम आबा. रावेरकडचे केळीवाले. केळीचे घड खांद्यावरून वाहून वाहून खांदा रुंद झालेला, पण गेल्या महिन्यात त्याच खांद्याखालच्या काळजाने ताल सोडला. जळगावच्या डॉक्टरांनी डावीकडे गळ्याच्या हाडाखाली एक चपटं मशीन बसवलं, ठोका चुकला की ते धावून येणार. आणि दवाखाना जवळ म्हणून आबांना जळगावातच, मेहरूणला लेकीच्या घरी ठेवलं. निघताना डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "हे मशीन आपणहून बोलत नाही. पण कधी त्यातून बारीकसा सूर ऐकू आला, तर चहासुद्धा ठेवू नका. सरळ इकडे घेऊन या."

झालं! त्या दिवसापासून नूतनचे कान सशाचे झाले. आणि दैव असं, की सगळ्या जळगावात जिथे बारीक सूर म्हणून ऐकू येऊ नये, ते घर नेमकं हितेंद्रचं.

हितेंद्रला माणसाने गायलेल्या गाण्यात राम वाटत नसे. त्याला मशीनने गायलेलं लागायचं. लहानपणी धुळ्याला चौथ्या गल्लीतल्या एका दुकानात टीव्हीला जोडलेले व्हिडिओ गेम भाड्याने खेळायला मिळत. ज्यांच्या खिशात भाडं नसे ती पोरं बाहेरच्या पायरीवर बसून नुसता आवाज ऐकत. हितेंद्र त्या पायरीवर वाढला. त्यामुळे खेळता त्याला एकही गेम येत नव्हता, पण पाठ सगळे होते. उडी मारल्याचा आवाज, नाणं वेचल्याचा, खड्ड्यात पडल्याचा. पुढे तो सरकारी कचेरीत कारकून झाला, डोक्यावरचं रान विरळ झालं, पोट पुढे आलं, पण कान त्या पायरीवरून उठले नाहीत. मग त्याने जुने आवाज जमवायला घेतले. तासाला टीं करणारं मनगटी घड्याळ, उघडलं की वाजणारं वाढदिवसाचं कार्ड, चिमणीसारखी ओरडणारी दाराची घंटा, मागे घेताना गाडीत वाजायची ती धून. दोन सूर ऐकले की कुठला खेळ आणि कितवी पातळी हे तो डोळे मिटून सांगे. "याला रसिक लागतो," असंही वर म्हणे. (रसिक! त्याच रसिकाला कुकरच्या शिट्ट्या मात्र उभ्या जन्मात मोजता आल्या नाहीत.)

आबा यायच्या दिवशी नूतनने मिक्सरचा रिकामा खोका त्याच्यापुढे आपटला होता. "आबा आहेत तोवर या घरात एकच मशीन. तेही वाजू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय. टाका सगळं यात. आणि सेल काढून टाका!"

हितेंद्रने सगळं टाकलं. सेल काढणं मात्र त्याच्या जिवावर आलं. झोपलेल्या लेकराचा गळा दाबल्यासारखं वाटायला लागलं. खोका तसाच कपाटावर गेला.

आणि आज, ऐन स्वयंपाकाच्या वेळी, आबांच्या खुर्चीकडून आवाज आला होता. टीं... टूं.

"मले काही झालं नई," आबा चादरीतून म्हणाले. "काबरं आरडून राह्यले दोघं?"

"आबा, तुमच्या छातीतून आवाज आला!"

"छातीतून नई आला."

"मग कुठून आला?"

आबांनी पंख्याकडे पाहिलं. "आला व्हईन कुठून तरी."

नूतन परत नवऱ्याकडे वळली. "तुमचा कान तिखट आहे ना मोठा? जगातला कुठलाही टीं ओळखता ना? मग ओळखा!"

हितेंद्रने डोळे मिटले. याच परीक्षेसाठी जणू तो लहानपणापासून त्या पायरीवर अभ्यास करत होता. त्याने मनातल्या मनात सूर पुन्हा वाजवून पाहिला. "पहिला सूर वर. दुसरा खाली. म्हणजे उतरता सूर. आणि उतरता सूर म्हणजे..." तो थांबला.

"म्हणजे काय?"

"तसं काही नसतं."

"म्हणजे काय, ते सांगा!"

"गेममध्ये... उतरता सूर म्हणजे माणूस मेला."

नूतनच्या हातातलं वांगं खाली पडलं.

"अगं गेममधला माणूस! आबा, तुम्ही मनावर घेऊ नका. थांबा, मी ऐकतो." तो आबांच्या छातीला कान लावायला वाकला. आबांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"लांबून आयका जवाईबापू. मले गुदगुल्या व्हतात."

हितेंद्रने जमेल तेवढ्या लांबून ऐकलं. धडधड, धडधड. जोरात आणि भलतीच वेडीवाकडी. तो घाबरून सरळ झाला तरी धडधड चालूच होती. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, ती त्याचीच होती.

"खोका!" तो ओरडला. खोक्यातलं काही वाजलं असेल, तर आबा सुखरूप! तो स्टुलावर चढला, खोका ओढला, आणि स्टूल डुगडुगलं तसा खोकाही डुगडुगला. आतून घड्याळ म्हणालं टीं. कार्डाने वाढदिवस सुरू केला. चिमणी ओरडायला लागली, आणि त्या सगळ्यांना दाबत गाडी मागे यायला लागली.

नूतनने एकेक शब्द चावून विचारलं, "सेल काढले होते ना?"

"काढणारच होतो."

चादरीच्या वर आबांच्या मिशा हलल्या. हसले असावेत.

"वाजवा एकेक. माझ्यासमोर," नूतन म्हणाली.

हितेंद्र जमिनीवर फतकल मारून बसला आणि एकेक वाजवायला लागला. "हा होता?" "नाही." "हा?" "नाही." "मग हा तर असेल?" "ही चिमणी आहे! मी बहिरी वाटले का?" खोका तळाला गेला, पण टींटूं काही निघेना. त्याने खोका उलटा केला, झटकला, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"डबी नाहीये!"

"कसली डबी?"

"माझी काळी डबी! मुठीएवढी. स्पीकरची. त्यात सगळ्या धुना भरल्यात मी! ती यात नाहीये!"

"मग कुठेय?"

"माहीत नाही!"

"म्हणजे जी वस्तू हरवलीये ती वाजली?"

"हो!"

"घरातच?"

"हो!"

"आणि ती तुम्हाला सापडत नाही."

"हो ना!"

"आणि त्या भरवशावर मी माझ्या बापाला इथे बसवून ठेवू?"

हितेंद्रने खोका बाजूला सारला. तो सोफ्याखाली शिरला. उशा उलथल्या, चपलांच्या मांडणीत हात घातला, पिठाच्या डब्यातसुद्धा डोकावला. जन्मभर तो 'मी नाही केलं' म्हणत आला होता. आज पहिल्यांदाच, चोर आपणच निघावं म्हणून तो देवाला विनवत होता. चोर ठरला तर बायको सोलून काढणार होती, कबूल. पण नाही ठरला तर? त्याने आबांकडे पाहिलं. लग्नात हा माणूस त्याचा हात धरून म्हणाला होता, पोरगी तापट हाये, पन तिच्या मनात काही नसते. एवढा चांगला माणूस. हितेंद्र परत सोफ्याखाली गेला.

"काय शोधून राह्यले जवाईबापू?"

"डबी, आबा. काळी."

"अशी लहानशी?"

"हो, हो! पाहिलीत का?"

आबांनी नूतनकडे पाहिलं. नूतन आबांकडेच पाहत होती, आणि तिचा तो चेहरा शाळेत असल्यापासून आबांना पाठ होता.

"नई," आबा म्हणाले.

आणि त्याच क्षणी चादरीतून, अगदी स्पष्ट, कुणालाही शंका घेता येणार नाही असं वाजलं. टीं... टूं.

मग भांडण राहिलं बाजूला. वांगं राहिलं जमिनीवर. नूतनने आबांच्या काखेत हात घातला, हितेंद्र अनवाणीच रिक्षा आणायला धावला. रिक्षात तो पुढे, ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर बसला. रस्त्यात कुणाचा हॉर्न वाजला की दचकून मागे बघे. केळीचा एक ट्रक मागे येताना टुंव टुंव करायला लागला, तर याने "आबा!" म्हणून अशी किंकाळी फोडली की ड्रायव्हरने ब्रेकच मारला.

"मले घरी सोडा वं," आबा काकुळतीला आले. "ते आपोआप बंद व्हईन!"

"आबा, आपोआप बंद होऊ नये म्हणूनच तर चाललोय!" नूतन म्हणाली आणि तिला रडू फुटलं. आबांनी तिचा हात थोपटला. दुसरा हात मात्र त्यांनी गळ्याशी चादर धरून ठेवला होता. (चादरीसकटच आणलं होतं त्यांना.)

दवाखान्यात लगेच आत घेतलं. खोलीत कोपऱ्यातलं यंत्र टिक टिक करत होतं. "किती स्वच्छ सूर आहे," हितेंद्र पुटपुटला. नूतनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचायला लागला.

"काका, बंडी काढा," डॉक्टर म्हणाले.

"तशीच तपासा."

"कपड्यावरून कसं तपासू?"

"मंग नका तपासू. मले बरं हाये."

"आबा," नूतन म्हणाली, "माझी शपथ आहे तुम्हाला."

आबांनी सुस्कारा टाकला. गळ्याशी धरलेली चादर सोडली आणि बंडीची बटणं एकेक काढली. डाव्या खांद्याखाली, मशीनच्या बरोबर वर, बंडीच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनने एक रुमाल टाचलेला होता. रुमालात काळी डबी.



डॉक्टरांनी डबी काढून घेतली. जरा वेळाने परत छातीतल्या मशीनजवळ नेली. टीं... टूं. लांब नेली. शांत.

"अहो, स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं!" डॉक्टर म्हणाले. "चुंबक टेकलं की हे मशीन ओरडतं आणि पहारा सोडून बसतं. मधेच ठोका चुकला असता, तर ते धावून आलं नसतं! कुणाची ही?"

आबांनी हितेंद्रकडे बोट केलं. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "पन घेतली मी," ते म्हणाले. "खोक्यातून. त्यायले ठाऊक नई. मले वाटलं तेच डबडं बिघडून वाजून राह्यलं. सांगितलं असतं तं तू यायले बोलली असती."

"पण आबा, तुम्हाला काय करायचंय हे?" नूतनचा आवाज चिरका झाला. "मोबाईल छातीजवळ नेऊ देत नाही मी, आणि तुम्ही हे टाचून घेतलंत!"

"कानाजवळ पायजे ना. बारीक करून आयकत होतो." आबा बंडीच्या बटणाशी चाळा करत राहिले. "हे मशीन बसवल्यापासून सारखं वाटे, आता बंद पडते का मंग बंद पडते. मंग हे लावे. एकदा जवाईबापूनं समजावलं व्हतं मले. त्यातला गडी पडते, मरते, अन् लगेच तेच गानं परत पयल्यापासून. कोनी रडत नई."

नूतनने तोंड फिरवलं आणि ती खिडकीबाहेर पाहत राहिली. डॉक्टरांनीही उगीच कागद चाळले. मग त्यांनी मशीन तपासलं, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढून पाहिली आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. आणि काका, ऐका की खुशाल! कोण नको म्हणतंय? फक्त डबी टेबलावर. छातीपासून हातभर लांब."

इथे हितेंद्रने गप्प बसायला हवं होतं. शहाणा माणूस बसला असता. पण सकाळपासूनची सगळी धडधड एकदम ओसरली आणि तिच्या जागी त्याच्या छातीत हवा भरली.

"ऐकलंस नूतन? डॉक्टरांनीच सांगितलं! म्हणजे शेवटी माझ्या संगीतानेच आबांना धीर दिला ना? तू डबडं डबडं करत होतीस! आणि खरं सांगू का डॉक्टर, हा आवाज मी घरीच ओळखला होता..."

"ओळखला होता?" नूतन म्हणाली.

"म्हणजे ओळखायला आलाच होता! पण डॉक्टर, एक सुचवू? ही उतरती धून मशीनला शोभत नाही. जरा अपशकुनी वाटते. माझ्याकडे एक आहे, पातळी पार केल्याची, फार उमेदीची, ती जर यात बसवता आली, तर रुग्णालाही..."

नूतनने आबांची बंडी नीट केली, बटणं लावली, डोळे पुसले आणि डॉक्टरांकडे वळली.

"डबीचं समजलं, डॉक्टर. आता जावई छातीपासून किती लांब ठेवायचा, तेवढं सांगा."