नापास गेम

यशवंतकाका बंदूक घेऊन ढग बघायचे.

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे त्यांचं कॉम्प्युटर गेमच्या सीडी भाड्याने देण्याचं दुकान होतं. नवा गेम आला की आधी ते स्वतः खेळत, मगच फळीवर ठेवत. खेळत म्हणजे काय, हिंडत. चहूकडून गोळ्या सुटताहेत आणि काका बंदूक खाली धरून डोंगराकडे चाललेत.

"झाडं बघ कशी काढलीत," म्हणायचे आणि मरायचे. "मेलो," शांतपणे सांगून पुन्हा पहिल्यापासून निघायचे. एकदा तर राक्षसाला सोडून तळ्याच्या काठाकाठानेच फिरत राहिले. "एवढा पानी, नि भात कुनी लावीत नाय!"

मग निकाल. सैनिकांची लढाई पास. बायकांची विटंबना नापास. घाण शिव्या नापास.

मी तेव्हा कॉलेजात होतो. गाडीचा एक गेम आला होता. शहरभर गाडी पळवायची, रस्त्यावरची माणसं चिरडली की गुण मिळायचे. आम्ही वाटच बघत होतो. काकांनी जरासा लावला, घाईघाईने आवाज बंद केला.

"नापास. ही सीडी कुनाला मिलनार नाय."

"काका, मी काय लहान आहे? काय खेळायचं ते माझं मी ठरवीन."

"ठरव ना. कल्यानला मिलंल, जा. माझ्या दुकानातून नाय."

"अहो, त्यातली माणसं काही खरी मरत नाहीत!"

"मरत नाय ना? मंग वरडतात कशाला?"

बरीचशी पोरं स्टँडपलीकडच्या नव्या दुकानाकडे वळली. काका आपले ढगांत.

एकदा भर दुपारी गेलो तर दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आतल्या खोलीचा कायम ओढलेला पडदा बाजूला होता. कॉम्प्युटरपुढे काकांचा मुलगा विलास बसला होता आणि त्याला खेटून काका.

विलास ट्रक चालवायचा. वैशाखरे गावाजवळ एक बाई अचानक आडवी आली. चूक त्याची नव्हती, सगळे तेच म्हणाले. पण त्यानंतर त्याने स्टिअरिंग धरलं नाही. त्या पडद्याबाहेरही तो क्वचितच यायचा.

कॉम्प्युटरवर तोच नापास गेम होता, आवाज बंद करून. समुद्राकाठचा लांबलचक रस्ता, वर केशरी आभाळ, आणि विलासची गाडी बैलगाडीच्या चालीने चाललेली. मी दारातच थांबलो.

"सावकास," काका म्हणत होते. "आपल्याला कुठं जायाचा नाय."

फुटपाथवरून पिशवी घेतलेली एक बाई खाली उतरली.

"ब्रेक दाब, बाला."

गाडी थांबली. बाई रमतगमत पलीकडे गेली आणि एका गल्लीत दिसेनाशी झाली.

"गेली?" विलासने विचारलं.

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"गेली रे. घरी गेली."